‘व इतर’

गेल्या पावसाळ्यांत एका रिकाम्या तासास आमच्या शाळेच्या गायनवृंदांतील मुलांस आम्हीं एक अमेरिकन गीत ऐकविलें. गीत १९५३ सालचें. गाणाऱ्या मंडळीचें नांव ड्रिफ्टर्स. घरभाडें मागावयास दारीं आलेला घरमालक आणि खिशांत दमडी नसलेला भाडेकरू असा त्याचा विषय असून, तें म्हणणाऱ्याचा आवाज इतका उंच व इतका मोकळा आहे कीं वर्गांतला गलबला पहिल्या कडव्यासच थांबला. गीत संपल्यावर आम्हीं मुख्य गायकाचें नांव फळ्यावर लिहिलें : क्लाइड मॅकफॅटर. इतक्यांत मागल्या बाकावरून, वृंदांत बेसची बाजू सांभाळणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मागें गाणारे आणखी होते ना? त्यांचीं नांवें?”

आम्हांस तीं ठाऊक नव्हतीं. फळ्यावर ‘व इतर’ असें लिहून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु त्या दोन शब्दांनीं आमची पाठ पुरविली. पुढें मॅकफॅटरच्या चरित्राची माहिती मिळवीत असतां आमचें असें मत बनलें कीं, त्या गुणी गायकाचे व त्याच्या सोबत्यांचे जे हाल झाले त्यांचें मूळ बव्हंशीं याच दोन शब्दांत आहे. तें मत येथें मांडीत आहों.

प्रथम या गायनप्रकाराविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. ‘डू-वॉप’ हें त्याचें नांव मागाहून, १९६० च्या सुमारास रूढ झालें. दुसरें महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत न्यूयॉर्क, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, शिकागो या शहरांतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत चार-पांच तरुण संध्याकाळीं रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखालीं किंवा आवाज घुमेल अशा एखाद्या बोळांत जमत. वाद्यें विकत घेण्याइतका पैसा बहुतेकांपाशीं नसे. म्हणून वाद्यांचें काम गळ्यानेंच भागवावयाचें. खालच्या आवाजाचा गडी ‘डूम डूम’ करून मोठ्या तंतुवाद्याची जागा भरून काढी. मधले दोघे-तिघे अर्थहीन अक्षरें लांबवून पेटीसारखा आधार देत. आणि त्या आधारावर वरचा टेनर शब्द म्हणे. ज्यांनीं उपासनेंत चार आवाजांचीं गीतें म्हटलीं आहेत त्यांस ही रचना परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं तेथें कागदावर लिहिलेलें बहुधा कांहीं नसे. सारें कानानें चाले. या रचनेंत मागचे आवाज काढून घेतले कीं वरचा आवाज उघडा पडतो. सरावाच्या दिवशीं बेसवाला गैरहजर असतां ज्यानें वृंद चालविला आहे त्यास हें पटवून द्यावें लागणार नाहीं.

क्लाइड मॅकफॅटरचा जन्म १५ नोव्हेंबर १९३२ रोजीं नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील डरहॅम या तंबाखूच्या कारखान्यांच्या शहरीं झाला. वडील बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशक. वडिलांच्या मंदिरांत भावंडांबरोबर तो अगदीं लहानपणापासून गाऊं लागला, आणि दहाव्या वर्षीं वृंदाचा एकटा गाणारा सोप्रानो झाला. १९४५ सालीं कुटुंब उत्तरेस न्यू जर्सींतील टीनेक येथें व पुढें न्यूयॉर्कला आलें. तेथें माउंट लेबनन सिंगर्स या भक्तिगीतें गाणाऱ्या मंडळींत गावें आणि पोटासाठीं वाणसामानाच्या दुकानांत नोकरी करावी, असा त्याचा क्रम होता. वयाबरोबर मुलाचा आवाज फुटतो व बालपणींची उंची जाते, हा आम्हां शिक्षकांचा नेहमींचा अनुभव. याच्या बाबतींत ती उंची पुरुषाच्या गळ्यांतही टिकली. हार्लेममधील अपोलो थिएटरांत हौशी गायकांची स्पर्धा होत असे, तींत त्यानें यश मिळविलें. १९५० सालीं बिली वॉर्ड या गायनशिक्षकानें आपल्या नव्या ‘डॉमिनोज’ मंडळींत त्यास घेतलें. तेव्हां तो अवघा सतरा-अठरा वर्षांचा होता.

येथून पुढें हिशेब सुरू होतो, आणि पालकांनीं तो मन लावून वाचावा अशी आमची विनंती आहे. डॉमिनोज हें नांव वॉर्ड व व्यवस्था पाहणारी रोझ मार्क्स यांच्या मालकीचें होतें. गाणारे सारे पगारी. कोणास ठेवावें, कोणास काढावें हें मालकांच्या हातीं. मॅकफॅटरचा पगार आठवड्यास १०० डॉलर असल्याचें सांगतात. त्यांतून कर, हॉटेलचें भाडें व जेवणखाण वजा होई. याच काळांत त्याच्या तबकड्या देशभर खपत होत्या, आणि १९५२ सालीं ‘हॅव मर्सी बेबी’ हें गीत रिदम अँड ब्लूजच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. आवाज मॅकफॅटरचा असला तरी पुष्कळ श्रोत्यांस वाटे कीं गाणारा वॉर्डच आहे. कधीं कधीं तर त्याचें नांव ‘क्लाइड वॉर्ड’ असें जाहीर केलें जाई. हेतु हा कीं तो मालकाचा भाऊ आहे असा लोकांचा समज व्हावा. आपल्याच गल्लींत आपलीच तबकडी वाजत असतां थंड पेयाच्या एका बाटलीपुरते पैसेही बरेचदां जवळ नसत, असें त्यानें पुढें बोलून दाखविलें. बापाचें आडनांवसुद्धां ज्याच्यापाशीं राहूं दिलें नाहीं त्याच्या पगाराचें नवल तें काय!

१९५३ सालीं तो डॉमिनोजमधून बाहेर पडला व त्याच्या जागीं जॅकी विल्सन हा दुसरा असामान्य गायक आला. त्याच सुमारास अटलांटिक या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा अहमत एर्तेगुन डॉमिनोजचें गाणें ऐकण्यास बर्डलँड या प्रसिद्ध ठिकाणीं गेला, तों त्याचा आवडता टेनर रंगमंचावर नाहीं! चौकशीअंतीं खरी गोष्ट कळतांच त्यानें विलंब न लावतां मॅकफॅटरचा शोध घेतला व त्याच्याशीं करार केला. अशा रीतीनें ड्रिफ्टर्स मंडळी जन्मास आली. प्रथम माउंट लेबननमधील जुने सोबती घेतले होते. परंतु तें मुद्रण कंपनीच्या मनास उतरलें नाहीं. दुसऱ्या खेपेस जे आले तेच आम्हांस फळ्यावर लिहितां न आलेले चौघे : बिल पिंकनी, अँड्र्यू थ्रॅशर, गेरहार्ट थ्रॅशर आणि विली फर्बी. त्यांच्यासह ऑगस्ट १९५३ मध्यें ‘मनी हनी’ हें गीत मुद्रित झालें, व तें ११ आठवडे यादीच्या शिरोभागीं राहिलें. घरभाड्याचें गीत म्हणून ज्याचा आरंभीं उल्लेख केला तें हेंच.

पिंकनीविषयीं थोडें अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. तो साउथ कॅरोलिनाचा, महायुद्धांत सैनिक म्हणून जाऊन आलेला. ‘व्हाइट ख्रिसमस’ या सर्वपरिचित गीताची ड्रिफ्टर्सनीं १९५४ सालीं जी तबकडी काढली तींत प्रथम ऐकूं येणारा खालचा, घुमणारा आवाज पिंकनीचा आहे, आणि नंतर वरून कारंजासारखा उसळतो तो मॅकफॅटरचा. नाताळाच्या दिवसांत ती आजही ऐकावयास मिळते. आमच्या वाचकांनीं ती मिळवून ऐकावी, व ऐकतांना वरच्या आवाजाकडे कान न देतां एक वेळ केवळ खालच्याकडे द्यावा.

डॉमिनोजमध्यें हात पोळले असल्यामुळें ड्रिफ्टर्समध्यें मॅकफॅटरनें नफ्याचा मोठा वांटा आरंभींच मागून घेतला. यांत त्याचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. पण पुढें काय झालें तें पाहावें. १९५४ सालीं त्यास सक्तीच्या लष्करी सेवेसाठीं जावें लागलें. सेवा संपल्यावर त्यानें एकट्यानें गाण्याचें ठरविलें, आणि मंडळींतला आपला वांटा जॉर्ज ट्रेडवेल या व्यवस्थापकास विकून टाकला. हा ट्रेडवेल स्वतः एके काळीं ट्रंपेट वाजवीत असे. वाजविणाऱ्याचें दुःख त्यास ठाऊक नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. विक्रीच्या वेळीं मागें राहणाऱ्या सोबत्यांस, अथवा आपल्या जागीं येणाऱ्या गायकास, कांहीं वांटा मिळावा अशी तजवीज मॅकफॅटरनें केली नाहीं. जें बिली वॉर्डनें त्याच्याशीं केलें होतें तेंच आपल्या चौघांशीं होण्याची वाट त्यानें आपल्या सहीनें मोकळी करून दिली. पुढें या कृत्याचा त्यास पश्चात्ताप झाला हें खरें.

परिणाम दिसावयास उशीर लागला नाहीं. १९५६ सालीं पिंकनीनें पगारवाढ मागितली. त्यास काढून टाकण्यांत आलें, आणि त्याच्यासाठीं म्हणून अँड्र्यू थ्रॅशरही निघून गेला. १९५८ सालीं तर ट्रेडवेलनें उरलीसुरली सारी मंडळी एकदम बरखास्त केली, व ‘फाइव्ह क्राउन्स’ नांवाच्या अगदीं निराळ्या मंडळीस बोलावून आजपासून तुम्हीच ड्रिफ्टर्स असें सांगितलें. नांव तेंच, गळे मात्र एकूण एक नवे! या नव्यांत बेन ई. किंग होता. त्याच्या आवाजांतील १९५९ सालचें ‘देअर गोज माय बेबी’ देशभर गाजलें. पुढल्याच वर्षीं अधिक मोबदल्याची मागणी करून तोही बाहेर पडला. असे कितीक आले आणि गेले.

या चरित्राचा सामान्यतः जो बोध काढला जातो तो आम्हांस ठाऊक आहे. मॅकफॅटरनें एकट्यानें गाइलेलें ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ १९५८ सालीं व ‘लव्हर प्लीज’ १९६२ सालीं लोकप्रिय झालें. त्यानंतर उतरती कळा लागली. १९६८ सालीं तो इंग्लंडास गेला, १९७० सालीं परतला, आणि मद्यपानानें जर्जर होऊन १३ जून १९७२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं मरण पावला. उपदेशकाचा मुलगा भक्तिगीतें सोडून बाजारी गाण्यांच्या नादीं लागला व दारूनें मेला, असें चार वाक्यांत हें चरित्र संपवितां येतें, आणि आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं तें तसें संपविलेंही. मुलास गाण्याच्या वर्गास घालावें कीं नाहीं हा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले होते.

मद्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. त्यानें एका दुर्मिळ गळ्याचा व त्याच्या धन्याचा घात केला, यांत शंका नाहीं. परंतु गाण्यानें मनुष्य दारूकडे जातो हा निष्कर्ष कोठून निघाला? पिंकनीनेंही तींच गाणीं म्हटलीं. तो ८१ वर्षें जगून २००७ सालीं वारला, व शेवटपर्यंत गात होता. बेन ई. किंग ७६ वर्षें जगला. आमच्या मतें मुलास गाण्याच्या वर्गास अवश्य घालावें. बापानें भ्यावयाचें तें वेगळ्याच गोष्टीस : अठरा वर्षांचा पोरगा टाळ्यांच्या भरांत कोणत्या कागदावर सही करतो, याची घरांत कोणीं विचारपूसही करीत नाहीं.

मालकांची बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. पोरांची मंडळी म्हणजे आज जमली, उद्यां भांडली. कोणी लष्करांत जातो, कोणाचें लग्न होतें, कोणी रुसतो. थिएटरवाल्यास वर्षभर आधीं तारीख द्यावयाची, कपडे शिवावयाचे, मोटारभाडें भरावयाचें, तेव्हां कोणा तरी एकाच्या हातीं नांव असल्यावांचून व्यवहार चालत नाहीं. ट्रेडवेलनें १९५८ सालीं परक्या मंडळीस ड्रिफ्टर्स म्हटलें तेंही अपोलो थिएटराशीं पुढल्या कांहीं वर्षांचा करार अगोदरच होऊन बसला होता म्हणून. हें सर्व आम्हांस मान्य आहे. व्यवस्था पाहणाऱ्यास त्याचा मेहनताना मिळावा, चांगला मिळावा. पण मेहनताना निराळा आणि मालकी निराळी. गाडीवानास भाडें द्यावें. म्हणून आंत बसलेल्यांनीं त्याचें आडनांव घ्यावें काय?

कायदाही गाणाऱ्याच्या मदतीस फारसा येत नाहीं, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें. अमेरिकेंत साध्या रेडिओवर एखादी तबकडी वाजली तर गीत रचणारास त्याचा हक्काचा पैसा मिळतो. गाणारास मिळत नाहीं. तेव्हांही मिळत नव्हता, आजही मिळत नाहीं. जुन्या मंडळ्यांचीं नांवें लावून भलत्यांनींच कार्यक्रम करूं नयेत म्हणून २००५ सालीं पेनसिल्व्हेनिया राज्यांत एक कायदा झाला, व पुढें तीसांहून अधिक राज्यांनीं तसेच कायदे केले. मूळ तबकडींत गाइलेला निदान एक तरी गायक रंगमंचावर असावा, अशी त्यांची मुख्य अट. अट चांगली, पण ज्याच्यापाशीं नांवाची सरकारी नोंदणी आहे त्यास तींतून सूट आहे. म्हणजे पिंकनीसारख्यांचा जो खरा प्रतिपक्षी, तोच मोकळा राहिला.

अमेरिकेचें राहूं द्या, असें कोणी म्हणेल. आमच्या वरच्या वर्गांतील मुलें हल्लीं खिशांतल्या फोनवर गाणीं मुद्रित करून एका रात्रींत जगभर धाडतात, आणि धाडण्यापूर्वीं पडद्यावर अटींचा जो लांबलचक मजकूर येतो त्याच्या खालच्या ‘मान्य’ या चौकटीवर न वाचतां बोट ठेवितात. एका मुलास आम्हीं विचारलें, “कशास मान्यता दिलीस?” तो म्हणाला, “सर, ती सगळेच देतात.” मॅकफॅटरच्या सहीमागें याहून अधिक विचार होता असें आम्हांस वाटत नाहीं.

१९८७ सालीं, मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं, अमेरिकेच्या रॉक अँड रोल सन्मानसभेंत मॅकफॅटरचें नांव दाखल झालें. पुढल्या वर्षीं ड्रिफ्टर्सचे एक घटक म्हणून तें पुनः घेतलें गेलें. १९९३ सालीं त्याच्या चित्राचें २९ सेंटांचें टपाल तिकीट निघालें, व त्यावर नांव छापलें तें मॅकफॅटर, वॉर्ड नव्हे. इतकें झालें हें बरेंच म्हणावयाचें. थ्रॅशर बंधूंचें अथवा फर्बीचें तिकीट निघाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या घरांतली गोष्ट. गतवर्षींच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका आम्हींच तयार केली होती. परवां ती कपाटांतून काढून पाहिली. गायनवृंदाच्या सदरांत मार्गदर्शक म्हणून आमचें नांव, तें ठळक अक्षरांत. त्याखालीं एकट्यानें गाणाऱ्या मुलीचें. आणि पुढें, ‘व इतर’. इतर म्हणजे एकतीस मुलें, जीं तीन महिने रोज शाळा सुटल्यावर थांबलीं. मागल्या बाकावरच्या त्या मुलानें फळ्याकडे पाहून प्रश्न विचारला तेव्हां त्याच्या मनांत अमेरिका होती कीं ही पत्रिका होती, हें आम्हीं त्यास अजून विचारलें नाहीं.

यंदाच्या पत्रिकेंत वृंदांतील सर्व मुलांचीं नांवें, त्यांच्या त्यांच्या आवाजाच्या सदराखालीं, सारख्या अक्षरांत छापावयाचीं ठरविलीं आहेत. पत्रिकेचें एक पान वाढतें, म्हणून छापखानेवाल्यांनीं कुरकुर केली, व त्या पानाचा खर्च कोठून काढावा याविषयीं कार्यालयांत थोडी बोलाचालीही झाली. पान वाढविलें. बेसच्या सदरांत चार नांवें आहेत. त्यांपैकीं एकाच्या स्पेलिंगाबद्दल घरून खात्री करून घेण्यास सांगितलें आहे, ती अद्याप आलेली नाहीं.